लेबल वाचण्याला गुण का नाहीत?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम डायक्रोमेटइतके देखणे द्रावण क्वचितच दुसरे असेल. क्लोराइडच्या खात्रीच्या चाचणीत ते लागते, सल्फर डायऑक्साइड ओळखण्याच्या कागदावर ते असते, आणि संहत सल्फ्युरिक आम्लात मिसळून काचेची भांडी लख्ख करण्याची जुनी रीतही काही ठिकाणी अजून चालू आहे. रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत धोका दाखवणारी एकूण नऊ चित्रे आहेत आणि त्यांपैकी पाच या एकट्या पदार्थाच्या मूळ बाटलीवर छापलेली असतात. श्वासावाटे गेल्यास जीवघेणा, कर्करोगजनक, प्रजननक्षमतेला घातक, त्वचा जाळणारा, इतर पदार्थांची आग भडकवणारा आणि पाण्यातील जीवांना मारक, इतके सगळे त्या चित्रांना आणि त्यांच्याखालच्या वाक्यांना सांगायचे असते. ती बाटली मात्र भांडारातल्या कुलूपबंद कपाटात राहते. विद्यार्थ्याच्या समोरच्या मांडणीत असते ती लहान बाटली, आणि तिच्यावर नुसते रासायनिक सूत्र असते, तेही आम्लाच्या वाफांनी अर्धेअधिक खाल्लेले. विरल द्रावणाचा धोका घन पदार्थाइतका नसतो हा युक्तिवाद येथे फारसा टिकत नाही, कारण याच पद्धतीनुसार अशा कर्करोगजनकाचे प्रमाण मिश्रणात ०.१ टक्का झाले तरी ते संपूर्ण मिश्रण कर्करोगजनक मानून त्यावर तसे लेबल लावावे लागते.

ज्याचा हात रसायनाला सर्वांत जास्त वेळा लागतो त्याच्यापर्यंत रसायनाची माहिती सर्वांत कमी पोहोचते, हा आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांचा मूळ दोष आहे. त्यावर दोन उपाय करायला हवेत असे मला वाटते. पहिला, प्रात्यक्षिक परीक्षेत लेबल वाचण्याला स्वतंत्र गुण ठेवणे. दुसरा, ज्या शेवटच्या बाटलीतून पदार्थ परीक्षानळीत जातो त्या बाटलीपर्यंत मराठीतले लेबल पोहोचवणे संस्थेवर बंधनकारक करणे. यांपैकी पहिला उपाय मी अधिक महत्त्वाचा मानतो.

आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे कोणालाही आवडो न आवडो, वस्तुस्थिती आहे. उच्च माध्यमिक परीक्षेत रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. अनुमापन, क्षारांचे विश्लेषण, जर्नल, तोंडी परीक्षा यांत ते वाटले जातात. अनुमापनाचे उत्तर दशांश चिन्हानंतरच्या कितव्या अंकापर्यंत जुळले यावर गुण कापणारा परीक्षक, विद्यार्थ्याने डोळ्यांवर गॉगल लावला होता की नाही, पिपेट तोंडाने ओढली की रबरी फुग्याने, उरलेले शिशाचे आणि पाऱ्याचे द्रावण बेसिनमध्ये ओतले की वेगळ्या बरणीत, यांसाठी एक गुणही देत नाही किंवा काढत नाही. तोंडी परीक्षेत मोलॅरिटीची व्याख्या हमखास विचारली जाते. समोरची बाटली फुटली तर पहिल्या मिनिटात काय कराल, हा प्रश्न मात्र विचारलेला मी ऐकलेला नाही. सुरक्षिततेच्या सूचना जर्नलच्या पहिल्या पानावर छापलेल्या असतात, आणि ते पान उलटूनच जर्नल लिहायला घेतले जाते.

असे असूनही काही बिघडलेले नाही, पिढ्यान्‌पिढ्या मुले अशीच शिकली, हे उत्तर नेहमी मिळते. कर्करोगजनक पदार्थाचा परिणाम त्याच तासाला दिसत नाही, त्यामुळे ‘काही झाले नाही’ याची नोंद कोणी आणि कोठे केली, असा उलट प्रश्न येथे विचारावा लागतो. तत्काळ परिणाम करणारे वायूही याच प्रयोगशाळेत असतात. किपच्या उपकरणातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, पण हवेतले त्याचे प्रमाण वाढत गेले की नाकाची ती जाणीवच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणारा माणूस नेमका त्या क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यात असतो, हे फार थोड्यांना सांगितलेले असते. वासाचे वर्णन गुण मिळवून देते, बधिरतेची माहिती देत नाही.

रसायनशास्त्र उत्तम येणे आणि रसायनापासून सुरक्षित राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची साक्ष या विषयातल्या निष्णात माणसांच्या अपघातांनी दिलेली आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान विषारी धातूंचाच अभ्यास करीत असत. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले, काही महिन्यांनी पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे दिसू लागली आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तो द्रव त्या प्रकारच्या हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो, हे नंतर केलेल्या चाचण्यांत आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत २९ डिसेंबर २००८ रोजी हवेत आपोआप पेट घेणारे एक संयुग सिरिंजमधून सांडले; ते हाताळणाऱ्या तरुण संशोधन सहायिकेच्या अंगावर एप्रन नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, आणि अठरा दिवसांनी ती दगावली. त्या प्रकरणात प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. पहिल्या घटनेतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘योग्य हातमोजे वापरावेत’ अशी मोघम सूचना कोणाचाही जीव वाचवत नाही. कोणत्या पदार्थाचे हातमोजे, किती जाड आणि किती मिनिटांसाठी, हे लिहिले तरच त्या वाक्याला सूचना म्हणता येते.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या रुग्णालयांत हजारो माणसे श्वासासाठी तडफडत येत होती, तेव्हा कोणत्या वायूवर उपचार करायचे आहेत हे डॉक्टरांना नीट सांगणारे कोणी नव्हते. त्या धड्यातून १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला व शेजारच्या वस्तीला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, अशी तरतूद तर त्या कायद्यात १९४८ पासूनच होती. १९८९ च्या घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीच्या नियमांनी प्रत्येक पात्रावर आतील पदार्थ, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि पदार्थाचे भौतिक, रासायनिक व विषारी गुणधर्म नोंदवण्याची सक्ती केली. ही सगळी रचना औद्योगिक कामासाठी आहे. विद्यार्थी कामगार नाही, प्रयोगशाळा कारखाना नाही, आणि म्हणून डोंबिवली, तारापूर, महाड किंवा लोटे-परशुराम येथील कारखान्यात ज्याला निदान कागदोपत्री माहितीचा हक्क मिळेल तोच मुलगा त्याआधीची पाच वर्षे महाविद्यालयात तेच पदार्थ त्या हक्काविना हाताळत असतो. संयुक्त राष्ट्रांची लेबलांची जागतिक पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय संघाने २००८ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये ती आपल्या नियमांत आणली. आपल्याकडे ती आणू पाहणारे रसायन व्यवस्थापन व सुरक्षा नियम २०२० पासून मसुद्याच्या रूपात चर्चेत आहेत.

मसुदा मंजूर झाला आणि चित्रे बाटलीवर आली की काम संपले, असे मानणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. चित्र आपोआप बोलत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडून असलेले, आत कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण २०१० मध्ये भंगारात लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापले गेले, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. किरणोत्साराचे तीन पात्यांचे जुने चिन्ह प्रशिक्षण न मिळालेल्या माणसाला काहीच सांगत नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही त्याआधी मान्य केले होते. म्हणून भारतासह अकरा देशांतल्या लोकांवर चाचणी घेऊन २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेले नवे लाल चिन्ह तयार केले गेले. पण ज्या माणसाच्या हाती उपकरण अखेरीस पडणार त्याला धोका कळवण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागालाही पेलली नाही, ही गोष्ट कोणत्याही चिन्हाच्या रचनेपेक्षा अधिक गंभीर आहे.

शिवाय आपला विद्यार्थी एका वेळी तीन परस्परविरोधी पद्धतींच्या मध्ये उभा असतो. जागतिक पद्धतीत धोक्याच्या श्रेणींमध्ये १ हा आकडा सर्वांत घातक. अग्निशमन दलासाठी तयार झालेल्या आणि आपल्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर हमखास टांगलेल्या अमेरिकी चौरंगी चौकोनात ४ सर्वांत घातक आणि ० निर्धोक. त्या चौकोनात निळा रंग आरोग्याचा, तांबडा आगीचा, पिवळा अस्थिरतेचा. आपल्या कीटकनाशकांच्या डब्यांवर मात्र तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला तांबडा चौकोन लहानपणापासून माहीत असतो, आणि जागतिक पद्धतीतल्या तर प्रत्येक चित्राची चौकट तांबडीच असते, मग ते कवटीचे असो की किरकोळ जळजळ दाखवणाऱ्या उद्गारचिन्हाचे. त्याने त्यातून कोणता अर्थ काढावा? युरोपने मोडीत काढलेल्या जुन्या नारिंगी चौकोनांच्या बाटल्या अनेक भांडारांत अजून आहेत, ती चौथी पद्धत म्हणायची. हा गोंधळ आपोआप सुटणारा नाही. तो वर्गात बसून, बाटल्या समोर ठेवून, शिकवूनच सुटेल.

साध्या ज्वाळेचे चित्र आणि वर्तुळावरच्या ज्वाळेचे चित्र यांतला फरक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पहिले सांगते की पदार्थ स्वतः पेटतो. दुसरे सांगते की तो स्वतः पेटेलच असे नाही, पण शेजाऱ्याला पेटवील. ज्याला हा फरक कळला तो या दोन चित्रांच्या बाटल्या एका फळीवर ठेवणार नाही. आपल्या भांडारांत मात्र बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावण्याची पद्धत सर्रास आहे, आणि त्या क्रमात नायट्रिक आम्ल आणि नायट्रोबेंझीन शेजारी शेजारी येतात. या दोहोंचे मिश्रण स्फोटक असते. अक्षरक्रम हा ग्रंथालयाचा शिष्टाचार आहे, रसायनांच्या भांडारात तो घातक ठरू शकतो. ईथरच्या बाटलीवर ती कधी उघडली ती तारीख लिहिलेली नसते, त्यामुळे हवेच्या संपर्काने तिच्यात स्फोटक पेरॉक्साइड किती साठले असेल याचा अंदाज कोणालाच नसतो. तपासणीच्या आदल्या दिवशी हे सगळे आवरायचे काम ज्याच्यावर येते त्याला महाविद्यालयात सगळे ‘मामा’ म्हणतात.

खरे तर या लेखाचा विषय विद्यार्थ्याइतकाच हा प्रयोगशाळा परिचर आहे. अडीच लिटरची आम्लाची बाटली तो उघडतो, लहान बाटल्या तो भरतो, फुटलेली काच आणि सांडलेले द्रव तो गोळा करतो, आणि विद्यार्थी तीन वर्षांत निघून जात असला तरी हा तीस वर्षे त्याच हवेत श्वास घेतो. त्याच्यासाठी प्रशिक्षणाची सक्ती क्वचितच असते. मूळ लेबल इंग्रजीत, सुरक्षा-माहितीपत्रक असलेच तर इंग्रजीत आणि सोळा विभागांचे, भिंतीवरचा तक्ता इंग्रजीत. त्याने आजवर निभावून नेले ते अनुभवाच्या आणि सावधपणाच्या बळावर, आणि त्या बळाला संस्था ‘व्यवस्था’ असे नाव देऊन मोकळी होते.

चित्रे भाषेपलीकडची असतात, मग मराठीचा आग्रह कशाला, असा आक्षेप येईल. चित्र धोक्याची जात सांगते, त्यावर काय करायचे ते वाक्यच सांगते. छातीवर तारा फुटलेल्या माणसाचे चित्र कर्करोगजनक पदार्थावर असते, दमा उत्पन्न करणाऱ्या पदार्थावर असते आणि हेक्सेनसारख्या पातळ द्रावकावरही असते. हेक्सेन पोटात गेले तर उलटी करवायची नसते, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. विष पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची, ही आपल्या गावोगावची समजूत येथे मारक ठरते, आणि ‘उलटी करवू नये’ हे तीन शब्द कोणत्याही चित्रात मावत नाहीत. खर्चाचा आणि जागेचा मुद्दाही फार ताणण्यात अर्थ नाही. जागतिक पद्धतीतील धोक्याची व दक्षतेची वाक्ये ठरावीक आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, त्यामुळे भाषांतर एकदाच करावे लागते. युरोपीय संघाच्या नियमांत ती वाक्ये सुमारे पाच लाख लोकांच्या माल्टी भाषेतही अधिकृतपणे छापलेली आहेत. आठ कोटींहून अधिक लोकांच्या मराठीत तसा अधिकृत व बंधनकारक संच करणे राज्य शासनाला जड जाऊ नये.

तरीही मी परीक्षेतल्या गुणांना मराठी लेबलापेक्षा वरचे स्थान देतो, त्याला यवतमाळ कारण आहे. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनी डब्यावरचा रंगीत चौकोन सक्तीचा केला, लेबल व माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत छापणेही सक्तीचे केले. कागदावर ही तरतूद प्रयोगशाळेतल्या रसायनांसाठी आज आपण जी मागतो त्याहून सरस आहे. आणि तरीही २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यामागे अनेक कारणे होती. दाट वाढलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली औषधे, संरक्षक साधनांचा अभाव, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती मूळ डबा न येता मालकाने तयार करून दिलेले द्रावण येणे, ही त्यांतली काही. लेबल होते, ते वाचण्याची सवय आणि वाचल्यावर तसे वागण्याची मुभा नव्हती. बिहारमध्ये छपऱ्याजवळ जुलै २०१३ मध्ये शालेय पोषण आहारातून २३ मुले दगावली, ती मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या विषाने. स्वयंपाकाचे तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेले होते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाताना माहिती गळून पडते, हा तोच प्रयोगशाळेतला दोष आहे, फक्त त्याची किंमत तेथे त्याच दिवशी चुकवावी लागली.

भीती दाखवाल तर मुले विज्ञानाकडे पाठ फिरवतील आणि शाळा प्रात्यक्षिकेच बंद करतील, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्याचा उत्तरार्ध खरा ठरू शकतो. जबाबदारी टाळायची असेल तर प्रयोगशाळेला कुलूप लावणे हा मुख्याध्यापकासाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि प्रयोग न करता जर्नल भरून घेणाऱ्या संस्था आजही कमी नाहीत. म्हणूनच ही सुधारणा केवळ निर्बंधांच्या भाषेत आणू नये, ती अभ्यासाचा भाग म्हणून आणावी. धोका मोजता येतो, टाळता येतो आणि काही वेळा अधिक निरुपद्रवी पदार्थ निवडून तो मुळातच काढून टाकता येतो, हा विचार स्वतःच उत्तम रसायनशास्त्र आहे. डायक्रोमेट कोठे अटळ आहे आणि कोठे केवळ सवयीने चालू आहे, हे ठरवायला विद्यार्थ्यांना सांगितले तर ते क्षारविश्लेषणाच्या पाठ केलेल्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक शिकतील.

राज्य मंडळाने ३० पैकी चार गुण याला द्यावेत. परीक्षकाने एक बाटली समोर ठेवावी आणि विचारावे, हिच्या शेजारी कोणती बाटली ठेवणार नाही, डोळ्यात उडाले तर किती वेळ पाण्याने धुणार, उरलेले कोठे टाकणार. पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवायचे असते, हे उत्तर ज्याला येते त्याला प्रयोगशाळेत डोळे धुण्याची सोय कोठे आहे हेही विचारावे, आणि ती नसेल तर त्याचे गुण विद्यार्थ्याचे न कापता संस्थेच्या तपासणी अहवालात ती त्रुटी नोंदवावी. परिचरासाठी दरवर्षी एक दिवसाचे मराठीतले प्रशिक्षण असावे आणि त्या दिवसाची त्याची रजा कापली जाऊ नये. भरलेल्या प्रत्येक लहान बाटलीवर पदार्थाचे नाव, तीव्रता, भरल्याची तारीख, चित्र आणि एक मराठी वाक्य असावे. हे लेबल महाविद्यालयाच्या संगणकावर छापता येते आणि त्यावर चिकटवलेली पारदर्शक पट्टी आम्लाच्या वाफांपासून त्याला बराच काळ वाचवते. या खर्चासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवावे, नाहीतर काचसामानाच्या रकमेतून तो भागवावा लागेल आणि दर मार्चमध्ये सर्वांत आधी तोच छाटला जाईल.